नाशिक ते न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, तास मात्र वेगळे

(दृश्य: सिडकोतलं घर. वजनकाट्यावर बॅग, आई मेतकुटाची पुडी काढते, पुन्हा आत सारते.)

मुलगा अमेरिकेत, आणि आई-बाबा पहिल्यांदाच निघालेत. असं घर आता नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक कॉलनीत सापडतं. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती तास बसायचं रे?"

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास. भागाकार केला तर १४ तास येतात. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना साधारण १६ लागतात, येताना १४ ते १५.

(दृश्य: पृथ्वीगोल. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणलेला दोरा.)

भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. त्यावर वाट सरळ पश्चिमेला दिसते. गोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे चढतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे. मग आइसलँडजवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, आणि कॅनडावरून खाली. सगळ्यात जवळची वाट हीच.

पण ती सगळ्यांना मोकळी नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. जमिनीवरच्या भांडणाची किंमत अशी आभाळात, तासांत आणि इंधनात मोजावी लागते.

तास वाढण्याचं दुसरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना हा वारा अंगावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून परतीचे तास कमी.

(दृश्य: कसारा घाट, ट्रकची रांग.)

आणि नाशिककरांचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही, हे तिकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, विमानं उडतात ती देशातल्या देशात. न्यूयॉर्कचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर १७० किलोमीटरसाठी संध्याकाळी पाचलाच घर सोडावं. घाटात एखादा ट्रक बंद पडला की तासभर सहज जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून कसारा टाळता येतो. वयस्कर माणसं सोबत असतील तर तोच रस्ता धरावा.

रात्री एकला उडालेलं विमान १६ तासांनी उतरतं, तेव्हा नाशिकमध्ये संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे त्याच दिवसाची सकाळ, साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. "पोहोचलो" असा फोन कधी येईल, हे घरच्यांना त्या हिशोबानेच सांगून निघावं.