भोक सरळ पाडायचं तर आधी स्टँड हलवून बघा

बसा बसा, मागं ऊन येतंय तिकडची मंडळी पुढं सरका. मी काय भाषणवाला माणूस नव्हे, बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये तीस वर्षं काढली आणि आता खानापूरला घरामागं लाकूडकाम करतो, म्हणून लोखंडवाले मला सुतार म्हणतात आणि सुतार म्हणतात हा फिटर.

जिग हत्याराला वाट दाखवते, फिक्श्चर जॉब, म्हणजे ज्यात भोक पाडायचं तो तुकडा, नुसता घट्ट धरतं. आपण दोन्हीला एकच नाव देतो, चालतंय की. पण एकाच मापाची पन्नास भोकं असली तर जिग बघा, दर वेळी वेगळं काम असलं तर स्टँड, म्हणजे हातातलं ड्रिल बसवून खांबावरून सरळ खाली आणायचा सांगाडा.

माझंच सांगतो. कपाटाच्या फळ्यांना 5 एमएमच्या पिना बसवायच्या होत्या, मी टेपनं दोन्ही बाजू मार्क केल्या, ड्रिल हातात धरून भोकं पाडली, फळी ठेवली तर तीन पिनांवर बसली आणि चौथा कोपरा वर, बायको म्हणाली कपाट केलंय का पाळणा? मग लोखंडी पट्टीला 32 एमएमवर भोकं पाडून जिग केली, एका टोकाला 'खाली' लिहिलं, आणि दोन्ही बाजूला तेच टोक तळाला टेकवलं. आता गंमत बघा, पट्टीतलं एखादं भोक अर्धा एमएम चुकलेलं असलं तरी दोन्हीकडं तेवढंच चुकतं, फळी सपाट बसते! टोक उलटं झालं की मात्र परत पाळणा. रोजचं काम असलं तर भोकात कडक केलेला बुश, म्हणजे बिट जाईल अशी छोटी नळी, घाला, साधी पट्टी बिटानं हळूहळू रुंदावते. आणि लोखंडात बुश जॉबला चिकटवू नका, बिटाच्या निम्म्याएवढी फट ठेवा, चूर निघायला जागा पाहिजे.

आता स्टँड. बहुतेक स्टँडची ड्रिलची मान धरणारी कॉलर 43 एमएमची असते, म्हणून दुकानात जाताना ड्रिल बरोबर न्या, काही ड्रिलची मान त्यात बसतच नाही. चकमकाटाला भुलू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवून हँडल जोरात दाबा आणि खांब मागं झुकतोय का बघा, झुकला तर ठेवून या. मग चकात, म्हणजे बिट धरतं त्या तोंडात, जाड तार वाकवून लावायची, टोक चकाच्या मध्यापासून 100 एमएम बाहेर, स्टँडच्या टेबलाला जरा टेकवायचं आणि चक हातानं फिरवायचा. एकीकडं घासतंय आणि समोर 3.5 एमएमची फट, म्हणजे 1 डिग्री वाकडं, 40 एमएमच्या फळीत भोक खालच्या तोंडाला 0.7 एमएम सरकणार. टेबल वाकडं असलं तर खाली पत्रा घालून जमतं ओ, पण खांबच लवतो त्याला औषध नाही.

काय रे पोरा? बेंच ड्रिल, म्हणजे बाकावर बसवायचं आख्खं ड्रिल मशीन, घेऊ का म्हणतोस? लोखंडात 10 एमएमच्या वर रोज जायचं असलं तर जुनं का होईना बेंच ड्रिलच घे, फक्त चक धरून आडवा हलवून बघ, टकटक झाली तर बेअरिंग गेलंय. ये इकडं, तार तूच लाव. हातमोजे काढ आधी, फिरत्या चकाजवळ ते नकोत.