पोपटाची वाटी आणि पोपटाची शिकवणी

मंडळी, नमस्कार. पोपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवा राघू येतो, म्हणून आधी एक गोष्ट उरकून टाकतो. राघू, करण पोपट हे आपले देशी पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेलं आहे आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा आज जे बोलायचं ते बजी, कॉकाटील, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दल. त्यांतल्याही अनेकांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती केली नसेल तर करून टाका.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या दवाखान्यात एक वाक्य कायम ऐकू येतं : “डॉक्टर, हा काही शिकतच नाही. दुकानदार म्हणाला, उपाशी ठेवा म्हणजे सुतासारखा सरळ येईल.” हा सल्ला त्या दुकानदाराने स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कबुतरांचं वजन मुद्दाम कमी केलं जाई, पोटभर खाणाऱ्या कबुतराच्या साधारण ८० टक्क्यांवर आणलं जाई, आणि मग दाण्यासाठी ती कबुतरं सांगाल ते करत. आपल्याकडे फुटपाथवर बसणाऱ्या पोपटवाल्या ज्योतिषाने स्किनर वाचलेले नव्हते, पण पिंजऱ्याचं दार उघडायचं, पाकीट उचलू द्यायचं, एक दाणा द्यायचा आणि परत आत घालायचं, हा हिशेब तोच.

पंचाईत अशी की उपासमारीने काम होतं. होत नसतं तर मला हे सांगावंच लागलं नसतं. पण बजीचं वजन असतं ३०-४० ग्रॅम. त्यातले चार ग्रॅम गेले तर दहा टक्के देह गेला. एवढ्याशा जिवाला फार काळ उपास झेपत नाही. शिवाय भुकेला पक्षी तुमच्याकडे बघतच नाही, तुमच्या मुठीकडे बघतो. दाणा हिसकावतो, उशीर झाला की बोट फोडतो. मग मालक म्हणतो, “हा चावरा आहे.”

मी सांगतो ते असं : वाटीतलं अन्न कमी करू नका, वाटीतून फक्त सूर्यफूल काढा.

बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणात राळा असतो, करडई असते आणि भरपूर सूर्यफूल असतं. पक्षी काय करतो? सूर्यफूल तेवढं वेचून खातो, बाकीचं चोचीने उडवून देतो, आणि आपण टरफलं बघून म्हणतो, छान जेवला. त्या बियांत तेल रगड; कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व मात्र नावाला. वर्षानुवर्षं हेच खाल्लं की यकृतात चरबी साठते, आणि ग्रे पोपटाला कॅल्शियम कमी पडून झटके येतात. म्हणून वाटीत पेलेट (म्हणजे पक्ष्यांसाठी बनवलेलं गोळ्यांचं तयार खाद्य), भिजवलेली मोड आलेली कडधान्यं, गाजर, शेवग्याचा पाला; हा बदल हळूहळू करा, रोज वजन बघत. आणि सूर्यफुलाची बी मिळेल फक्त तुमच्या हातून, फक्त शिकवणीच्या वेळी. आहार सुधारतो, शिकायची गोडीही लागते. एका दगडात दोन पक्षी म्हणायचा मोह होतोय, पण या सभागृहात नको.

सूर्यफूलच हवं असंही नाही. ताटलीत चार-पाच गोष्टी मांडा : डाळिंबाचा दाणा, बदामाचा कण, पेरूची फोड, हिरव्या मिरचीचा तुकडा. पहिली चोच कशावर पडते ते तीन-चार दिवस बघा. मिरची ऐकून हसू नका. तिच्यातलं जे द्रव्य आपल्या जिभेला भाजतं, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना तसं जाणवतच नाही. अनेक पोपट तिच्यातल्या बिया मिटक्या मारत खातात.

बक्षिसाचा आकार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ग्रे पोपटाला अख्खा बदाम देऊन बघा. तो पायात धरेल, फिरवेल, जिभेने चाचपेल, साल सोलून खाली टाकेल, मग निवांत कुरतडत बसेल. तोवर कशाबद्दल मिळाला हे तोही विसरला आणि तुम्हीही. बदामाचे दहा-बारा कण करा. बजीला राळ्याच्या कणसावर दोनच टोचे मारू द्या आणि कणीस मागे घ्या. आणि काम झालं त्या क्षणी “शाब्बास” म्हणा, दाणा मागाहून पोचला तरी चालेल. काठीच्या टोकाला चोच लावायला शिकवत असाल, तर चोच टेकली की शब्द, मग दाणा. पक्षी मान फिरवून निघून गेला, तर शिकवणी संपली. मागे लागू नका. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी पाच-दहा मिनिटं पुरतात. रानातले पोपटही याच वेळांना चरतात.

आता ॲलेक्स. पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून हा ग्रे पोपट घेतला. २००७ मध्ये तो गेला, तोवर शंभराहून जास्त शब्द समजून वापरत होता. रंग, आकार ओळखत होता, सहापर्यंत मोजत होता. त्याला शिकवताना बाईंनी एक पथ्य पाळलं. त्याने “कागद” म्हटलं तर दाणा नाही, कागदच द्यायचा. तो कागद तो मजेत फाडत बसे. दाणा हवा असेल तर तसं मागायची मुभा होती, पण आधी समोरच्या वस्तूचं नाव बरोबर सांगायचं. आपण मिरची हातात धरून “मिठू मिठू” म्हणवून घेतो. त्या पक्ष्याच्या लेखी मिठू म्हणजे बहुधा मिरचीच. त्यापेक्षा पेरू देताना “पेरू” म्हणा. काही पक्ष्यांना खाण्याहून मान खाजवून घेणं प्यारं असतं, तेही बक्षीसच.

मागून चिठ्ठी आली आहे : चहात बुडवलेलं बिस्कीट चालेल का? नाही. चहा, चॉकलेट, फरसाण, काहीच नाही, आणि ॲव्होकॅडो तर विषच. शेंगदाणे पावसाळ्यात जपून द्या, बुरशी पटकन धरते.

वजनाचा काटा एक ग्रॅम दाखवणारा घ्या. सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी वजन करा, वहीत लिहा. आणि रोज जिच्यासाठी धावत येतो ती बी एखाद्या सकाळी त्याने नाकारली, तर हट्ट करतोय, रुसलाय असं समजू नका. पक्षी आजार लपवतात. पिसं फुलवून बसला असेल, वजन उतरलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा, आणि येताना ती वहीही आणा.