रंग नको, रूळ बघा

[मोबाइलच्या पडद्यावर चालू लिलाव]

लालभडक रंग, चकचकीत पितळी पट्टी, मागे मुद्दाम रचलेली जुनी पुस्तकं. खाली लिहिलंय, 'ब्रिटिशकालीन गोदरेज टाइपरायटर, दुर्मीळ अँटिक'. बोली पाच आकड्यांत गेलीय आणि वेळ अजून शिल्लक आहे.

गोदरेजचा पहिला टाइपरायटर आला 1955 साली. इंग्रज जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती.

[कुडाळ. दुरुस्तीचा गाळा]

त्याच कंपनीचं हे मशीन. राखाडी रंग, जागोजागी पोपडे उडालेले. मेस्त्रींनी ते टेबलावर उताणं केलंय. अक्षरांच्या चाळीसहून जास्त दांड्या पंख्यासारख्या मांडलेल्या दिसतात, त्यांतल्या निम्म्या वर उचलायला तयार नाहीत. कारण वासावरूनच कळतं. मशीन अडायला लागलं म्हणून घरात कुणीतरी खोबरेल ओतलंय! तेल सुकलं, त्यावर धूळ बसली, वर चार महिने पावसाची दमट हवा. आता त्याचा डिंक झालाय.

रॉकेल आणि जुना टूथब्रश. एकेक दांडी वर करायची, घासायची, सोडायची. आपटून खाली गेली तर ठीक, रेंगाळली तर पुन्हा घासायची. घाई केली तर दांडी वाकते, आणि वाकलेली दांडी कायमची ओळीच्या वर-खाली छापते. दांड्यांच्या खाचांत नंतर तेलाचा थेंबही सोडायचा नाही, शिलाई मशीनचंसुद्धा नाही.

[गाडा, जवळून]

गाडा म्हणजे कागद घेऊन सरकणारा वरचा भाग. तो डावीकडे ओढणारी पट्टी तुटलीय. मूळ पट्टी आता मिळत नाही. मेस्त्री मासेमारीच्या सामानातलं जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेतात, एक टोक स्प्रिंगच्या डब्याला, दुसरं गाड्याला. स्प्रिंगला मोजून पीळ देतात. कमी पडला तर अक्षरं एकमेकांवर चढतात, जास्त झाला तर गाडा धाडकन आदळतो.

मग कागद ज्यावर गुंडाळतो तो रबरी रूळ. त्यावर नख रोवून बघतात. नख जरा रुतलं. म्हणजे रबरात जीव आहे. दगडासारखा झालेला रूळ कागद घसरवतो, टिंब मारलं की भोक पाडतो. लिलावातल्या फोटोत हे कधीच दिसत नाही. मेस्त्री म्हणतात, "रंग काय बघतास? रूळ बघा."

[कागद चढतो, टायपिंग]

'सिंधुदुर्ग'. पहिली कळ वेलांटीची, स नंतर. मराठी मशीनवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. काही मात्रांच्या कळा दाबल्या तर गाडा जागचा हलत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघतो. ज्यांनी परीक्षा परिषदेची मिनिटाला 30 आणि 40 शब्दांची परीक्षा दिली, त्यांची बोटं हे अजून विसरलेली नाहीत.

त्या परीक्षा संगणकावर गेल्या, तालुक्याच्या गावांतले टायपिंगचे क्लास मिटले आणि मशिनं भंगारात किलोवर गेली.

[पुन्हा लिलावाचा पडदा]

2011 साली गोदरेजचं नाव घेऊन परदेशी वृत्तपत्रांनी 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी बातमी छापली. खरं तर टाइपरायटर दुसरीकडे बनत होते. पण विक्रेत्यांचं फावलं. भंगारातून उचललेल्या मशीनवर स्प्रेचा हात मारायचा, तोही कधीकधी थेट अक्षरांवर, आणि वर्णनात लिहायचं, 'चालतं का ते तपासलेलं नाही'. पाच मिनिटांत तपासता येणारी वस्तू आहे ही. ज्याने रंगवायला वेळ काढला, त्याला एक ओळ टाइप करायला वेळ मिळाला नाही?

घ्यायचंच असेल तर टाइप करतानाचा व्हिडिओ मागा, छापलेल्या ओळीचा जवळून फोटो मागा, सिरीयल नंबर मागा. शेवटच्या मिनिटाला तिऱ्हाईत बोली वर चढवायला लागला तर हात आवरा, तो विक्रेत्याचाच माणूस असू शकतो.

[मशीन खोक्यात]

गाडा मधोमध आणून सुतळीने बांधला. मोकळा राहिला तर वाटेत आदळून मोडतो. मेस्त्रींना मिळते ती फक्त मजुरी. हे काम शिकायला सध्या कुणी येत नाही.

मशीन चाललंय मालवणला, एका वकिलाच्या कारकुनाकडे, छापील फॉर्म भरायला. रंग मारून हवा का, असं मेस्त्रींनी फोनवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "रंग नको, रिबनी दोन ज्यादा टाका."