सहावा काटा

वाशीचं कांदा-बटाटा मार्केट. सकाळची वेळ. माथाडी पाठीवर गोण्या घेऊन आत येतायत, मापाडी आकडे ओरडतायत. गाळ्याच्या कोपऱ्यात, चोपड्यांच्या थप्पीशेजारी एक जुना लॅपटॉप. स्क्रीनवर सहा बटणं, सहा काट्यांची.

पोरगा दोन नंबरचं बटण दाबतो. पावती निघते सहाव्या काट्याची. शून्य किलो. सहाव्यावर गोणीच नाही.

"अगं, हे काय चाललंय?" शेठ.

प्रोग्राम लिहिणारी मुलगी कोपरखैरण्याहून आलीय. आधी तिने वायरी बदलून पाहिल्या. सगळेच आधी वायरींवर संशय घेतात. प्रोग्रामची भाषा पायथन, ती तर गप्प, एररची एक ओळ नाही.

मग आत काय चाललंय ते छापून बघायला तिने कोडमध्ये दोन ठिकाणी प्रिंट टाकलं. एकामागून एक बटणं बनवणाऱ्या लूपमध्ये काट्यांचे सहा वेगळे आयडी छापून आले. बटणं दाबल्यावर मात्र सहाही वेळा एकच. तिथे चोर सापडला.

प्रत्येक बटणाच्या कमांडला, म्हणजे दाबल्यावर काय करायचं त्या जागी, तिने लॅम्डा दिला होता, एक बिननावाचं छोटं फंक्शन. लॅम्डा काटा धरून ठेवत नाही, 'काटा' हे नाव तेवढं धरतो. त्या नावामागे कोण आहे, हे तो बटण दाबल्यावर बघतो. तोवर लूप कधीच संपलेला, नाव सहाव्यावर टेकलेलं. गोणीवर मार्का न टाकता "दारात उभा असेल त्याची" म्हणून सोडून द्यावी, तसं.

तिने लॅम्डा काढला आणि थेट 'काटा डॉट वजन' दिलं. पुढे कंस नाही. आता लूप चालू असतानाच मेथड, म्हणजे वजन करणारं फंक्शन, आणि तो विशिष्ट काटा यांची गाठ बसते. याला बाउंड मेथड म्हणतात. तिच्या डंडर सेल्फमध्ये (__self__, मेथड कुणाची याची नोंद) डोकावलं की काटा कुठला ते कळतं. कंस टाकला असता तर खिडकी उघडतानाच वजन झालं असतं आणि बटणाच्या हाती 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) आलं असतं.

लॅम्डाच ठेवायचा, तर 'काटा बरोबर काटा' असा डिफॉल्ट देता येतो, म्हणजे काटा लूपमध्येच पकडला जातो. खिडक्या-बटणं बनवणाऱ्या टीकिंटर लायब्ररीत हे चालतं. तशाच पायक्यूटी लायब्ररीत मात्र बटण दाबल्यावर सुटणारा क्लिक्ड सिग्नल सोबत एक खरं-खोटं पाठवतो आणि ते नेमकं त्याच डिफॉल्टच्या जागी जाऊन बसतं. काट्याऐवजी हातात 'फॉल्स'.

पोरगा पुन्हा दोन नंबर दाबतो. पावती सरकते. काटा दोन, ४८ किलो ६००.

शेठ चष्मा वर करतात. "तीन दाब."