पलटणीचा नंबर

[दृश्य: बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. रिक्रूट कवायत करताना.]

या मैदानावरचा रिक्रूट अजून कुठल्याही पलटणीचा नाही. रेजिमेंट ठरली आहे, मराठा लाइट इन्फंट्री. पलटण मिळेल ती कसम परेडनंतर.

आणि लढायला जाते ती पलटणच, म्हणजे बटालियन. एका रेजिमेंटच्या दोन पलटणी देशाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या ब्रिगेडखाली असू शकतात.

[दृश्य: फायरिंग रेंज. सेक्शन पुढे सरकतो.]

हा सेक्शन. दहा जवान, वर हवालदार. तीन सेक्शनची प्लॅटून, तीन प्लॅटूनची रायफल कंपनी. अशा चार कंपन्या, शिवाय सपोर्ट आणि हेडक्वार्टर कंपनी. जवळपास 800 माणसं, आणि त्यांचे सीओ साहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कर्नल.

[दृश्य: पलटणीचा जुना फलक. एकाखाली एक नंबर.]

आता हे नंबर बघा. आजची पहिली मराठा 1768 साली मुंबईत उभी राहिली. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत तिचा नंबर झाला 3. ब्रिटिश हिंदुस्थानचा सरसेनापती किचनर याने 1903 मध्ये बॉम्बेच्या पलटणींच्या नंबरांत सरसकट शंभर मिळवले, तेव्हा 103. मग 1922 ची फेररचना: पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन. पुढे रेजिमेंटच्या नावातला पाच गळाला. जवानांनी या कागदी उलथापालथीला भीक घातली नाही. त्यांची ती जंगी पलटणच.

दुसरी मराठा तर त्याहून हट्टी. तिचा नंबर होता 5, मग 105. आज ती दुसरी आहे, आणि नाव सांगते ‘काली पाँचवी’! कारकुनाला हे पटणार नाही. पलटणीत विचारून बघा.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. इटली.]

माणसं निवृत्त होतात, काही रणांगणावरच राहतात, आणि बेळगावहून नवी येतात.

पहिली, दुसरी, आणि मग थेट चौथी. तिसऱ्या पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना 1944 मधल्या इटलीच्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच पलटण 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा झाली. रेजिमेंटने त्यानंतर कितीतरी पलटणी उभ्या केल्या, पण तीन हा नंबर कुणालाच दिला नाही.