बारा एमएमच्या गजाच्या पोटात

(दृश्य: रात्रीची रोलिंग मिल. लालभडक गज रोलमधून सुटतो.)

जालना एमआयडीसी. शेवटच्या रोलमधून सुटलेला हा बांधकामाचा गज हजार अंशांच्या आसपास तापलेला आहे. आता तो पाण्याच्या नळकांड्यातून जाईल आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याला ताकद येईल. त्याचा चिवटपणा मात्र बराचसा आधीच, भंगाराच्या ढिगात ठरून गेलाय.

(दृश्य: भंगार यार्ड, चुंबकाची क्रेन.)

जुने पत्रे, गाड्यांचे सुटे भाग, कापलेल्या सळ्या. यात विजेच्या जळक्या मोटारीचं तारा गुंडाळलेलं आर्मेचर गेलं की त्यातलं तांबं लोखंडात मिसळतं आणि मग काही केल्या निघत नाही. बिलेट, म्हणजे रस ओतून केलेली लगड, पुन्हा तापवताना वरचं लोखंड जळून पापुद्रा होतं, तांबं जळत नाही. ते पापुद्र्याखाली साचतं, १०८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि लोखंडाच्या कणांमधल्या फटींत झिरपतं. रोलचा दाब आला की तिथेच भेगा. सोबत कथील असेल तर दुखणं आणखी वाढतं.

फॉस्फरसही तितकाच हट्टी. तो ओढून घ्यायला चुन्याची मळी लागते आणि विजेवरच्या इंडक्शन भट्टीचं सिलिकाचं अस्तर ती मळी खाऊन टाकते. मग हाती उरतं ते एवढंच: भंगार निवडून घ्यायचं, आणि स्पंज आयर्न, म्हणजे थेट खनिजापासून केलेलं लोखंड, घालून तांब्याचं प्रमाण उतरवायचं.

हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, ओतण्याआधी त्याचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे घटक मोजणाऱ्या यंत्रावर जातो. गजांच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १७८६ प्रमाणे, ५००डी प्रतीच्या गजात कार्बन ०.२५ टक्क्यांपर्यंत चालतो. गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४०, पण दोन्ही मिळून ०.०७५. दोन्ही ०.०४० आले तर एकेकटे पास, बेरजेत हीट नापास. घाईत नेमकी ही बेरीज राहून जाते.

(दृश्य: क्वेंच बॉक्स, म्हणजे ते पाण्याचं नळकांडं, वाफ. मग कूलिंग बेड, जिथे गज निवतात.)

पाणी लागताच गजाची साल मार्टेन्साइट होते, म्हणजे पोलादाचं कडक, पण ठिसूळ रूप. गाभा अजून धगधगताच असतो. त्याची धग बाहेर येते, साल पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि तिचा ठिसूळपणा जातो. कूलिंग बेडवर गाभ्यात फेराइट आणि पर्लाइट ही पोलादाची मऊ रूपं तयार होतात.

(दृश्य: जवळून, गजाचं कापलेलं तोंड.)

तोंड घासून गुळगुळीत केलं, त्यावर अल्कोहोलमधलं पाच टक्के नायट्रिक ॲसिड लावलं. बघा, काळपट कडं उमटलं, आत करडा गाभा. हे कडं चहूबाजूंनी सारखं हवं. फिरवून वापरलेल्या पाण्यातला पापुद्रा नोझलमध्ये अडकला, की त्या बाजूचं कडं पातळ पडतं. असा गज बेडवरच वाकडा होतो.

(दृश्य: यूटीएम, म्हणजे गज ताणून तोडणारं मशीन.)

आता ताण. बारा एमएमच्या गजावर ६० मिलिमीटरची खूण. साधारण ५६.५ किलोन्यूटन जोरापर्यंत तो कायमचा लांबता कामा नये. पुढे ताणत नेला की मध्ये बारीक होतो, आणि तुटतो. दोन्ही तुकडे जुळवून खूण पुन्हा मोजायची: ६९.६ मिलिमीटर किंवा जास्त, म्हणजे १६ टक्के. साध्या ५०० गजाला १२ टक्के पुरतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवने पाहिली आहे. इथे घर बांधताना हे चार टक्के सोडू नयेत. हादऱ्यात गज तुटण्याआधी ताणला जावा, त्यासाठीच ते आहेत.

(दृश्य: बांधकामाची जागा.)

साइटवर जाड गज वाकवायला कुणी गॅस लावत असेल तर थांबवा. साल लालबुंद झाली की पाण्याने दिलेली ताकद तिथे गेली. गज थंडच वाकवायचा, योग्य व्यासाच्या पिनेवर. आणि ट्रक उतरवताना बारा एमएमचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवा. ८८८ ग्रॅम भरायला हवेत. त्याहून पाच टक्क्यांपेक्षा जास्त घट आली तर आणखी दोन-तीन गजांचे तुकडे कापा. तेही तसेच भरले तर माल उतरवू नका.