दार हतनूरचं, गणित जळगावात

(दृश्य : हतनूर धरण, भर पावसाळा)

तापी-पूर्णेचा संगम मागे टाकला की हतनूर. ४१ वक्राकार दरवाजे. पाऊस लागून राहिला की अख्ख्या खानदेशात एकच विचारणा, “हतनूरचे किती उघडले?”

एका दाराकडे नीट बघा. पाण्याचा रेटा आधी वाकवलेल्या पत्र्यावर, तिथून मागच्या तुळयांवर, तुळयांवरून तिरप्या भुजांवर आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या पिनांवर. एवढं धूड फिरतं ते या पिनांवर.

(दृश्य : जळगाव, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची खोली)

अशाच एका दाराचं हे संगणकावरचं मॉडेल. लोखंडाचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचं समीकरण मांडायचं. या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव अमेरिकी अभियंते रे क्लफ यांनी १९६० साली दिलं.

इथे तुकडे जिथे जोडले जातात ते बिंदू १० लाख. प्रत्येक बिंदू तीन दिशांना सरकणार, म्हणजे ३० लाख अज्ञातं. सगळ्या समीकरणांचे आकडे एका कोष्टकात मांडायचे; त्यातली शून्यं गाळली तरी साधारण ३ जीबी उरतात. उत्तर एका दमात निघत नाही, फेऱ्या माराव्या लागतात आणि दर फेरीला हे कोष्टक पहिल्यापासून वाचावं लागतं. प्रोसेसर गणिताला कमी पडत नाही, तो आकड्यांची वाट बघत बसतो. घरच्या संगणकाची डीडीआर-४ मेमरी सेकंदाला जेमतेम ५० जीबी पुरवते.

(दृश्य : कार्ड, अगदी जवळून)

हे टेस्ला पी-१००. एनव्हिडियाचं २०१६ सालचं गणिती ग्राफिक्स कार्ड, जुन्या सर्व्हरमधून निघालेलं. याची मेमरी पुरवते सेकंदाला ७३२ जीबी! नवं गेमिंग कार्ड का नाही घेतलं? कारण दुहेरी अचूकतेच्या, म्हणजे प्रत्येक आकड्याला ३२ ऐवजी ६४ बिट देणाऱ्या गणितात त्याचा वेग एकेरीच्या बत्तिसाव्या, चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. इथे तो निम्माच होतो. पातळ पत्रा आणि जाडजूड पिन एकाच मॉडेलमध्ये असताना एकेरी अचूकतेच्या भरवशावर राहता येत नाही.

कार्डाला स्वतःचा पंखा नाही. सर्व्हरच्या वाऱ्यावर चालणारी ही वस्तू. पोरांनी पुठ्ठ्याचं तोंड कापून, चिकटपट्टी गुंडाळून मागे ब्लोअर बसवलाय. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. कार्ड तापलं की आपणहून मंदावतं, म्हणून मोठी गणितं रात्री लावायची.

(दृश्य : पडद्यावर रंगीत दार)

निळा म्हणजे ताण कमी, लाल म्हणजे जास्त. पिनांमधलं घर्षण शून्य धरलं तर भुजा निळ्या-हिरव्या. आता घर्षण घातलंय. भुजा वाकतायत, जोडांपाशी लाल उमटतंय.

कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाच्या दारांच्या रचनेत हे घर्षण धरलंच नव्हतं. १७ जुलै १९९५ ला त्यातलं एक दार उघडताना तुटलं.

पिना गंजल्या की घर्षण वाढतं. म्हणून तो आकडा थोडाथोडा चढवत पोरं रोज नवं गणित लावतात. हे काम जळगावात होऊ शकतं, होतंय. खऱ्या दारांची मोजमापं हाती आली, तर त्यांचंही गणित मांडायला ही पोरं तयार आहेत.